रिकामी फळी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, आणि बैल माणसांच्या देखत बोलायला लाजत नव्हते.

एका उंच पठारावर एक गाव होतं. तिथल्या पाटलाची लेक लहानपणीच दूर राजधानीत शिकायला गेली होती. शिकून ती परत निघाली, तेव्हा घाट चढताना तिच्या मनात आपल्या गावाचं एक चित्र होतं. गाव मान खाली घालून बसलेलं असेल, असं तिला वाटलं होतं. कुणी तरी यावं आणि आपल्याला हात देऊन उभं करावं, म्हणून ते वाट बघत असेल, असंही वाटलं होतं.

तसं काही नव्हतं. गाव उभं होतं आणि कडाकडा भांडत होतं. वाट मात्र ते खरंच बघत होतं. पण तिची नव्हे, एका गाडीची.

ऐकणाऱ्यांनो, त्या गावात गाडी म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. पठारावरची विहीर उन्हाळ्यात आटे. पाणी होतं ते घाटाच्या पायथ्याशी, एका झऱ्याला. मीठ पायथ्याला. वैद्य पायथ्याला. आणि पायथ्याला जायची वाट एकच. ती वाट मध्येच दोन कातळांमधल्या एका अरुंद खिंडीतून जाई. गावाची एकच सामाईक गाडी होती, ना फार मोठी ना फार लहान. ती घागरी घेऊन खाली जाई आणि पाणी घेऊन वर येई. तिची आस कुजली, चाकं खिळखिळी झाली. नवी गाडी करणं भागच होतं.

लाकूडही एकच होतं. गावाबाहेर एक जुनं शिसवीचं झाड उरलं होतं. त्याच्यासारखं दुसरं झाड नातवंडांच्या हयातीतही झालं नसतं.

सुतारानं पारासमोर चुन्यानं जमिनीवर दोन आखण्या काढल्या होत्या. एक मधल्या मापाच्या गाडीची, दुसरी थोरल्या गाडीची.

“बघा बाबांनो, आत उभं राहून बघा,” सुतार म्हणाला. “मधली केली तर लाकूड उरेल. थोरली केली तर जुन्या गाडीचं लोखंडही लागेल आणि डोलीचे दांडेही लागतील. मी दोन्ही करीन. पण थोरली केली, तर माझा बाप वरून बघेल आणि म्हणेल, पोरानं नाव काढलं.”

लोक थोरल्या आखणीत जाऊन उभे राहिले. पोरं तिच्यात धावू लागली.

“जत्रेला देवीची पालखी अख्खी मावेल हिच्यात,” पुजारी म्हणाला.

“माझ्या लेकीचं वऱ्हाड एका खेपेत उतरेल,” एक बाई म्हणाली.

“पलीकडच्या डोंगरावरच्या गावाची गाडी बघितली का?” दुसरा म्हणाला. “त्यांचं कुत्रंसुद्धा गाडीत बसून आपल्यावर भुंकतं.”

सगळे हसले. जो तो आपल्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस त्या आखणीत मांडून बघत होता.

मधल्या आखणीत एकच माणूस उभं होतं. ती पाटलाची थोरली बहीण. आई गेल्यावर लेकीला वाढवलं ते या आत्यानंच. तिची जीभ तिखट होती. तिच्या तावडीतून गावातला एकही माणूस सुटला नव्हता, आणि तिच्या हातची पेज प्यायला नाही, असाही एक नव्हता.

“जत्रा वर्षातून एकदा,” आत्या म्हणाली. “तहान रोजची. आणि खिंड काय, तुमची गाडी बघून सरकून बसणार आहे?”

“अक्का, खिंड फोडून घेऊ,” पाटील म्हणाले.

“घ्या. मग गल्ली फोडा. मग माझ्या ओट्याचा कोपरा फोडा. गाडी गावासाठी का गाव गाडीसाठी, तेवढं एकदा ठरवा म्हणजे झालं.”

तेव्हा पाटलाची लेक पुढं आली. घाटाची धूळ अजून तिच्या पायांवर होती. तिचं गावावर खरोखर प्रेम होतं, आणि ते प्रेम बोलून दाखवण्याची तिला घाई झाली होती.

“आत्या, तू रागावू नकोस,” ती म्हणाली. “पण मी राजधानीतले रस्ते बघितले आहेत. तिथली माणसं आपल्याहून शहाणी नाहीत, बळकट नाहीत. त्यांनी फक्त मोठं मागितलं. आपण नेहमी पुरेल तेवढंच मागतो, म्हणून आपल्याला कधी पुरत नाही! एकदा तरी या गावानं मोठं मागावं. वाट अरुंद असेल तर वाट बदलू. आपणच का अरुंद व्हायचं?”

लोकांनी टाळ्या पिटल्या. कित्येकांचे डोळे भरून आले. असं त्यांच्याविषयी आजवर कुणी बोललं नव्हतं.

आत्यानं भाचीकडं बघितलं. “बोलतेस छान गं,” ती म्हणाली, आणि मधल्या आखणीतून बाहेर आली. तिच्या पायांना चुना लागला होता, तो तिनं पदरानं पुसला.

पारापाशी बांधलेले दोन बैल हे ऐकत होते. एक तांबडा, एक पांढऱ्या डागांचा बांडा.

“आपल्याला कुणी विचारलं का रे?” बांडा म्हणाला.

“विचारतील की,” तांबडा म्हणाला. “गाडी झाली की चाबूक विचारेल.”

लोक पुन्हा हसले. त्या काळी बैलांचं बोलणं सगळ्यांना ऐकू येई. ऐकून मात्र कुणी घेत नसे.

झाड पडलं. जुन्या गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा निघाल्या. आजारी माणसाला न्यायची डोली होती, तिचे दांडे थोरल्या गाडीच्या कडेला बसले. गल्लीतल्या घरांचे कोपरे छाटले गेले, आत्याच्या ओट्याचाही. आत्या उरलेल्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, “जपून जा रे, गाडी यायची आहे.” पाटलाची लेक स्वतः पहार घेऊन खिंडीत उतरली. तिच्या हातांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. तिच्याकडं बघून तरणी पोरं भरउन्हात कातळ फोडू लागली. गाव इतकं एकदिलानं कधीच राबलं नव्हतं.

गाडी झाली. ती इतकी देखणी होती की म्हाताऱ्यांनी तिची दृष्ट काढली. पूजेच्या आधी तिला खिंडीतून नेऊन बघितलं. दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा सोडून ती आरपार गेली. ढोल वाजले. मग गाडी परत वर आणली आणि तिची पूजा केली.

आता त्या गावाचा एक रिवाज होता. पूजा झालेली गाडी रिकामी निघत नसे. नुसती रिकामीच नव्हे, तिची एक फळीही उघडी दिसता कामा नये. उघड्या फळीवरून गावाची बरकत सांडून जाते, अशी त्यांची समजूत होती. मग कुणी हिरड्याचं पोतं ठेवी, कुणी सरपणाची मोळी, कुणी गवताचा भारा. फळ्या झाकल्या की गाडीवान बैलांना हाक देई. जुन्या गाडीत पाण्याच्या घागरी ठेवल्या की फळ्या जवळजवळ झाकून जात. रिवाज कुणाला जड जात नव्हता.

थोरल्या गाडीच्या पूजेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, की गाडी मोठी झाली तरी रिवाज तोच राहणार आहे.

उन्हाळा आला. उन्हाळ्यात कुणाच्या घरात काय असतं? गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राही आणि भरायची वाट बघे. आज कुणी एक मोळी ठेवी, उद्या कुणी एक पोतं. घागरी तळाशी लोळत पडत. जी गाडी पूर्वी रोज पाण्याला जायची, ती आता भरेल तेव्हा जाऊ लागली. घागर डोक्यावर घेऊन तो घाट चढणं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून मधल्या दिवसांत लोक विहिरीच्या तळाचा गाळ उपसून फडक्यातून गाळून पीत.

“फळ्या झाकल्या नाहीत तरी जाऊ द्या ना गाडी,” पाटलाची लेक एकदा म्हणाली.

“ताई,” गाडीवान हात जोडून म्हणाला, “मोठं मागा म्हणून तुम्हीच सांगितलंत. आता एवढी मोठी गाडी उघडी पाठवून सगळीच बरकत सांडायची का?”

आपल्याच शब्दांशी भांडायचं कसं, हे तिला राजधानीत कुणी शिकवलं नव्हतं.

आणि एका सकाळी आत्या उठली नाही. गढूळ पाण्यानं तिचं पोट बिघडलं होतं. उलट्या थांबेनात. डोळे खोल गेले, ओठ सुकून तडकले. दुपारपर्यंत ती एवढीशी दिसू लागली.

“पायथ्याला वैद्याकडं न्यायला हवं,” पाटील म्हणाले. “डोली आणा.”

कुणी हललं नाही. डोलीचे दांडे कुठं बसवले होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“पाठीवर घेतो मी,” गाडीवान म्हणाला. “आत्ता निघतो.”

“एवढी गाडी दारात असताना पाटलाची बहीण पाठीवर जाणार?” कुणी तरी म्हणालं. “पलीकडचं गाव बघेल ना.”

सगळ्यांनी पाटलाच्या लेकीकडं बघितलं. तिला वाटलं, याच दिवसासाठी तर आपण गाडी केली. आज ती सगळ्यांना दिसेल, आत्यालाही दिसेल.

“गाडीच नेऊ,” ती म्हणाली.

आत्याला गाडीच्या मधोमध गोधडीवर निजवलं. ती त्या रुंद फळ्यांवर एखाद्या विसरलेल्या फडक्यासारखी दिसत होती. तिनं डोळे किलकिले करून इकडं तिकडं बघितलं.

“जागा ऐसपैस आहे गं बये,” ती पुटपुटली. “एकटीनं हरवायला होईल.”

“आत्या, बोलू नकोस.”

“मी बोलले नाही तर गावाला वाटेल, मी गेलेच.”

गाडी निघणार, इतक्यात पुजारी म्हणाला, “फळ्या उघड्या आहेत.”

माणूस मरणाच्या दारात असताना रिवाज मोडावा, असं वाटणारे तिथं पुष्कळ होते. पण माणूस मरणाच्या दारात असताना अपशकुन नको, असं वाटणारे त्याहून जास्त होते. लोक घराघरांतून धावत सुटले. खरं सांगायचं, तर इतक्या मायेनं ती गाडी कधीच भरली गेली नव्हती. कुणी बसायचा पाट आणला, कुणी छपराचं गवत उपसून आणलं. आत्याला धक्के बसू नयेत म्हणून तिच्या उशाशी मोळ्या रचल्या, पायाशी भारे रचले, दोन्ही अंगांना पोती लावली. ऊन लागू नये म्हणून वर गवत पसरलं आणि दोरखंड आवळला. ऊन कलू लागलं, तेव्हा शेवटची फळी झाकली गेली आणि गाडी हलली.

“भरली का रे?” बांड्यानं विचारलं.

“मान सांगेल,” तांबडा म्हणाला. नंतर ते बोलले नाहीत. उतारावर तेवढं ओझं अंगावर रेटत असताना बोलायला दम उरत नाही.

लोक गाडीच्या मागून चालले होते. पाटलाची लेक सगळ्यांत पुढं, गाडीच्या मागच्या कडेला हात लावून. खिंड आली. गाडी आत शिरली, अर्धी गेली, आणि करकरून थांबली.

रिकामी गाडी या खिंडीतून गेली होती. एवढी भरलेली कधी गेलीच नव्हती. आजवरच्या खेपांत भार कसाबसा फळ्या झाकण्यापुरता होता. आज मोळ्या कडेबाहेर डोकावत होत्या आणि वजनानं चाकं बाहेर फाकली होती. दोन्ही चाकांचे मधले तुंबे कातळात रुतले. बैलांनी ओढलं, तेव्हा ती सुटली नाही, आणखी खाली सरकून घट्ट बसली. गावाच्या गळ्यात गाडी अडकली होती.

गाडीवान आणि बैल खिंडीच्या त्या अंगाला, सगळं गाव या अंगाला. मधल्या ओझ्यात कुठं तरी आत्या.

गाडीवानानं बैल सोडले. ते उतरणीवरून थेट झऱ्यावर गेले आणि पाणी पिऊ लागले. खिंडीच्या वरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसत होतं. झऱ्याजवळच वैद्याची झोपडी होती. तिच्यातून धूर निघताना दिसत होता.

गाडीवानानं आपलं मुंडासं पाण्यात बुडवून आणलं आणि पुढच्या बाजूनं मोळ्यांच्या फटीत हात घातला. खांद्यापर्यंत घातला.

“अक्का, हात लागतोय का?”

“पाण्याचा वास येतोय,” आतून आत्याचा आवाज आला. “हात नाही.”

“पुढचा दोर काप!” पाटलाची लेक ओरडली.

“कापला तर ओझं उतारावरून त्याच्याच अंगावर येईल,” सुतार म्हणाला. “वर चढलं तर अक्कावर ढासळेल. मागूनच उतरवत जायला हवं.”

ते मागून उतरवू लागले. पण खिंडीत एकाच माणसाला उभं राहता येई, आणि दोर भारानं इतका ताणला होता की गाठी सुटत नव्हत्या. एक भारा निघे, हातोहात मागं जाई, मग दुसरा.

“माझा पाट जपून हं,” मागून एक बाई म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तिनं तोंडावर हात ठेवला.

पाटलाच्या लेकीनं कुणाच्या तरी मोळीत खोचलेली कुऱ्हाड ओढून घेतली. “आबा, बाजूला व्हा. मी गाडी फोडते. मागची कड तोडली की सरळ तिच्यापर्यंत जाता येईल.”

“फोडतेस?” पाटील म्हणाले. “बाळ, झाड एकच होतं. थोडं थांब. निघतायत ना भारे? आणखी दोन निघाले की हात पोचेल.”

सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. त्या गाडीत प्रत्येकाच्या घराचा एक कोपरा होता. तिचे स्वतःचे फुटलेले हात होते. पाराजवळ बोललेले तिचे शब्द होते. कुऱ्हाड उचललेली होती, ती तिनं खाली केली.

आणखी दोन भारे निघाले. मग आणखी दोन.

“आत्या,” ती फटीत तोंड घालून म्हणाली, “पोचतेच आहे मी.”

“येशील गं,” आत्या म्हणाली. आवाज वाळलेल्या पानासारखा झाला होता. “जागा चांगली आहे. फक्त वाट नाही.”

त्यानंतर आतून काही ऐकू आलं नाही. सूर्य कड्याला टेकला, तेव्हा लेकीचा हात आत्याच्या पावलापर्यंत पोचला. पाऊल थंड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव पुन्हा खिंडीपाशी जमलं. रात्रभरात ओझं उतरलं होतं. आत्याला बाहेर काढून गोधडीत गुंडाळून कातळावर निजवलं होतं. रिकामी झालेली गाडी खिंडीत तशीच उभी होती, देखणी, कडेच्या नक्षीवर एकही ओरखडा न पडलेली.

सुतारानं तिच्याभोवती फिरून बघितलं. “वाचेल,” तो हळूच म्हणाला. “आता भार नाही. मागून दोर लावून ओढली तर सुटेल. गाडी वाचेल, पाटील.”

लोकांच्या तोंडांवर, त्या दुःखातही, थोडी हुशारी आली. एक जण म्हणाला, “खिंड आणखी फोडून घेऊ.” दुसरा म्हणाला, “अक्काच्या नावानंच फोडू.”

पाटलाच्या लेकीनं कालचीच कुऱ्हाड उचलली आणि गाडीच्या मागच्या कडेवर पहिला घाव घातला. काल जिथं घालायचा होता, तिथंच.

“अगं, आता कशाला?” पाटील ओरडले. “आता काय उपयोग?”

“तिच्यासाठी नाही, आबा. तिच्यासाठी उशीर झाला,” ती म्हणाली, आणि तिनं दुसरा घाव घातला. “ही परत वर गेली, तर आपण पुन्हा तिच्याच मापानं गाव कापत बसू. हिच्या लाकडाची मधल्या मापाची गाडी होईल. पहिल्यांदा डोलीचे दांडे निघतील. त्यांच्यावरून आत्या खाली झऱ्यापाशी जाईल, तिथल्या पाण्यानं तिला आंघोळ घालू. आणि यापुढं गाडी निघेल, तेव्हा तिची एक फळी उघडी राहील. रोज. कुणी त्या फळीवर काडीसुद्धा ठेवायची नाही.”

“उघडी फळी?” पुजारी पुटपुटला. “बरकत सांडेल.”

“सांडू दे. काल सांडलं, त्याहून जास्त काय सांडणार आहे?”

खाली झऱ्यापाशी तांबडा आणि बांडा मान खाली घालून उभे होते. मग सुतारानं आपली करवत काढली आणि तो तिच्या शेजारी येऊन बसला. ज्या कडेला त्यानं सगळ्यांत सुंदर नक्षी कोरली होती, तिथून त्यानं कापायला सुरुवात केली.

तात्पर्य : जो वर्षातल्या एका मोठ्या दिवसाच्या मापानं गाडी निवडतो, त्याचे बाकीचे सगळे दिवस वाटेतच अडकतात.